उत्क्रांती म्हणजे नुसता हाडांवरून बांधलेला अंदाज?

"उत्क्रांती हा हाडांवरून बांधलेला अंदाज आहे. हाडांचं वय कार्बन डेटिंगनं काढतात, तेही चुकतं. उत्क्रांती होताना कोणी पाहिली नाही. जनुकशास्त्रानं तर ती खोटीच ठरवली." नागपुरातल्या ग्रुपांवर फिरणाऱ्या मेसेजचा हा गोषवारा. चारही विधानं चुकीची आहेत, आणि बरीचशी उत्तरं विदर्भातच सापडतात.

आधी कार्बन. कार्बन-१४चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातला निम्मा संपायला लागणारा काळ, सुमारे ५,७३० वर्षं. पन्नासेक हजार वर्षांनी मोजण्याजोगं काही उरत नाही, म्हणून डायनासोरच्या हाडांसाठी ही पद्धत कोणी वापरतच नाही. नागपुरात टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये गाळाचा जीवाश्मयुक्त थर आहे. अशा ठिकाणी वय काढायचं ते वरच्या-खालच्या बेसाल्टचं, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाचं, त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४०पासून बनलेला आर्गॉन वायू मोजून. इथेही चूक होऊ शकते. पाणी मुरून कुजलेल्या खडकातून आर्गॉन निसटतो आणि वय खऱ्यापेक्षा कमी येतं. म्हणून ताजा खडकच घेतात आणि झिरकॉन या खनिजाच्या कणांतलं युरेनियम-शिसं वेगळं मोजून ताळा पाहतात. दख्खनच्या लाव्हाचं वय दोन्ही पद्धतींनी सुमारे ६.६ कोटी वर्षं येतं.

पुरावा हाडांपुरताही नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरची दगड झालेली विष्ठा मिळते. तिच्यात गवताच्या पेशींत बनणारे सिलिकाचे कण सापडल्याचं २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. गवतं डायनासोरांनंतर आली, हा तोवरचा समज संशोधकांनीच मागे घेतला. अशा कामात आजच्या गवताचे कण मिसळण्याचा धोका असतो, त्यामुळे बाहेरचा थर खरवडून आतला भाग घ्यावा लागतो.

"कोणी पाहिली नाही" हे मात्र कापूस उत्पादकांच्या मुलुखात म्हणावं, याचं वाईट वाटतं. बीटी कपाशीला, म्हणजे जिवाणूचं जनुक घातल्यानं बोंडअळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या कपाशीला, २००२ मध्ये परवानगी मिळाली. ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं येत असे, ते बांधाकडेनं पेरायचं. त्यावर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि पुढची पिढी बीटीवर मरावी, हा हेतू. बहुतेकांनी ते पेरलंच नाही. त्यात फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच झाडं राखून जादा पीक, घेतल्यानं अळीला वाढीव पिढ्या मिळाल्या. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, पण गुलाबी बोंडअळीचं पोट जवळपास कपाशीवरच. तिला नैसर्गिक आसरा नव्हता, म्हणून निवडीचा सगळा दाब तिच्यावर आला आणि तीच आधी प्रतिकारक झाली. नुसतं शेतात अळी जिवंत दिसली म्हणून हे सिद्ध होत नाही, कारण हंगामाच्या शेवटी झाडातलं विषच कमी होतं. मोजून विष मिसळलेल्या कृत्रिम खाद्यावर अळ्या वाढवून किती मरतात ते पाहावं लागतं. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था हा प्रतिकार तपासत आली आहे. प्रतिकारक अळ्यांच्या डीएनएत, आतड्यातल्या ज्या प्रथिनाला विष चिकटतं त्याच्या जनुकात बदल सापडले आहेत.

यावर उत्तर येतं, "अळी अळीच राहिली ना!" बरोबर, इतक्या थोड्या वर्षांत नवी जात अपेक्षितच नाही. दूरचं नातं जनुकांत दिसतं. गाय-कुत्रा क जीवनसत्त्व शरीरातच बनवतात, आपल्याला ते संत्र्यातून घ्यावं लागतं, कारण ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक आपल्यात मोडकं पडून आहे. चिंपांझीतही ते मोडकंच आहे, आणि बऱ्याच ठिकाणी आपल्यासारखंच. गिनीपिगमध्येही ते निकामी आहे, पण वेगळ्या तऱ्हेनं. चिंपांझीची गुणसूत्रं ४८, आपली ४६. दोन जोडली गेली असतील तर सांधा दिसायला हवा होता. तो माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्रात दिसतो: एरवी टोकांना असणारे डीएनएचे तुकडे तिथे मधोमध समोरासमोर आहेत, शिवाय निकामी झालेल्या जादा सेंट्रोमिअरचे (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं त्या भागाचे) अवशेषही आहेत.