मेस्ताला प्रदक्षिणा

मे महिन्यात कौलं परतायचे दोन हजार आगाऊ घेऊन 'फाल्यां येतां', म्हणजे उद्या येतो, म्हणत गेलेला मेस्त परवा सोमवारी मला मंगेशीला दिसला. आमच्या ओसरीवर सध्या तीन बादल्या आणि एक टोप मांडलेला आहे, त्यामुळे देवदर्शन बाजूला ठेवून मी त्याच्याकडे वळलो. तो दीपस्तंभाआड गेला. मी वळसा घातला, तर तोही छाती स्तंभाला चिकटवून माझ्याच चालीने सरकायला लागला. सात मजल्यांचा अष्टकोनी स्तंभ! मला नुसती त्याच्या छत्रीची मूठ दिसायची.

चौथ्या फेरीला अग्रशाळेच्या पायरीवरून एक निवृत्त मास्तर म्हणाले, "स्तंभाला चार झाल्या. मेस्ताला किती?"

"मेस्ताला कशाला घालू? धरायचंय त्याला!"

"धराल हो. विल्यम जेम्स ठाऊक आहे? अमेरिकन तत्त्वज्ञ. झाडाच्या खोडावर चानी, म्हणजे खार, भोवती फिरणारा माणूस, आणि चानी कायम पलीकडच्या अंगाला. माणूस झाडाभोवती फिरला हे नक्की. चानीभोवती फिरला का? यावर त्याच्या मित्रांत समसमान तट पडले होते. 1906 साली बोस्टनच्या व्याख्यानात त्याने हा किस्सा सांगितला."

"मास्तर, तो पळेल."

"बघा, तुम्ही मेस्ताच्या पूर्वेला होता, मग दक्षिणेला, पश्चिमेला, उत्तरेला. म्हणजे घातलीत प्रदक्षिणा. पण त्याच्या समोर, उजवीकडे, पाठीमागे, डावीकडे असे झालात? त्याची पाठ पाहिलीत?"

"नाही."

"मग नाही घातलीत. 'भोवती' म्हणजे काय, ते आधी ठरवा, भांडण मिटतं. आता पाठीचंच म्हणाल, तर चंद्राचीही 1959 पर्यंत कुणी पाहिली नव्हती. रशियाच्या लूना-3 ने फोटो काढले तेव्हा…"

"चंद्राने माझे दोन हजार घेतलेले नाहीत!"

हे मी जरा मोठ्यानेच बोललो. पालखीला जमलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मेस्ताकडे एकानेही बघितलं नाही. आपल्याकडे हे असंच. पैसे बुडवणारा गप्प असतो म्हणून सभ्य, आणि मागणारा देवळात तमाशा करतो. 'भोवती'चा अर्थ ठरवायला सांगणारे पायरीपायरीवर भेटतात. 'फाल्यां'चा अर्थ मे महिन्यात कुणी विचारायला सांगितला असता, तर माझे पैसे वाचले असते.

मास्तर चंद्रावरून खाली उतरेपर्यंत मेस्ताची पाठ दिसली. स्कूटरवर, महाद्वाराबाहेर, छत्री काखेत.

"दिसली ना?" मास्तर खूश होऊन म्हणाले.

रात्री टोप ओतता ओतता हे सगळं बायकोला सांगितलं. जेम्स, चानी, लूना, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, शंकराला अर्धीच प्रदक्षिणा घालून उलटं फिरतात. तेवढं केलं असतं तर समोरच सापडला असता की!"