हमीचं कार्ड दाखवायचं कुणाला?

दिवाळखोर सराफाच्या ग्राहकांनी 'पावती जपून ठेवावी', हा लेखातला सल्ला वाचून हसू आलं. आमच्याकडे पावती आहे, शिवाय 'आजीवन बदली, घट नाही' (म्हणजे दागिना बदलताना वजनात कपात नाही) असं छापलेलं सोनेरी कार्डही. सासूबाईंनी २०२२ मध्ये पाटल्या घेतल्या. दीड वर्षात शटर खाली, वर चिकटवलेला कागद : 'दोन दिवस दुकान बंद'. ते दोन दिवस अजून सरायचेत!

एका पाटलीला चीर गेली म्हणून दुसऱ्या पेढीवर गेलो. त्यांनी कार्ड उलटंसुलटं करून परत दिलं, आणि मोडीचा भाव सांगितला तो घट कापून. मजुरी तर गेलीच. पण आतल्या बाजूला सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा त्या दागिन्यापुरता क्रमांक होता, त्यामुळे सोन्याच्या शुद्धतेबद्दल वाद झाला नाही. तो शिक्का दुकानाबरोबर बुडत नाही.

खरे अडकले ते भिशीवाले, म्हणजे दरमहा हप्ता भरून शेवटी सोनं घेणारे. शेजारच्या काकूंकडे अकरा हप्त्यांचं पुस्तक आहे, सोनं गुंजभरही नाही. २०१९ मध्ये डोंबिवलीत गुडविन हे सराफी दुकान बंद पडलं तेव्हाही असेच लोक पोलिस ठाण्यात धावले होते. दिवाळखोरीत आधी बँका, मग आपण. काकूंना दावा अर्ज भरायला सांगितलाय, त्या म्हणतात, 'पुस्तकाची झेरॉक्स चालेल का रे?'