हवा मॅकिनींची आहे, की एकवटलेल्या मतांची?

मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉयच्या मराठी ग्रुपवर सध्या एकच विषय. ४ ऑगस्ट २०२६च्या प्रायमरीत, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, डोनावन मॅकिनींपुढे खासदार श्री ठाणेदारांचं काय होणार? "आपला माणूस पडता कामा नये," असं एका काकांनी हात जोडलेले तीन इमोजी टाकून लिहिलं. गंमत म्हणजे ग्रुपमधल्या एकालाही त्यांच्या तेराव्या मतदारसंघात मत नाही. डेट्रॉइटचा मोठा भाग आणि दक्षिणेकडची डाउनरिव्हर गावं त्यात येतात. आपण सगळे उत्तरेला उपनगरात, मोठ्या गॅरेजच्या घरांत.

श्री ठाणेदारांचं मला कौतुक आहेच. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, १९७९ला अमेरिका, रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मंदीत बुडालेला धंदा आणि मिशिगनमध्ये शून्यातून नवी कंपनी. मी स्वतः टिळकवाडीचा. त्यांचं मराठी आत्मचरित्र माझ्या आईने दोनदा वाचलंय.

पण ते निवडून कसे आले तेही बघा. २०१८मध्ये गव्हर्नरपदासाठी खिशातले १ कोटी डॉलरहून जास्त घातले आणि तिसरे आले. २०२२मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, प्रायमरीला नऊ जण उभे होते. ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले, कृष्णवर्णीय उमेदवार अ‍ॅडम हॉलियर चार-पाच टक्क्यांनी मागे पडले. मिशिगनमध्ये दुसरी फेरी नसते, एक मत जास्त असलं तरी पुरे. म्हणजे दहातल्या सात जणांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. तीन-चतुर्थांशाहून अधिक कृष्णवर्णीय वस्तीच्या या शहरातून १९५५पासून कायम किमान एक कृष्णवर्णीय खासदार वॉशिंग्टनला जात होता. २०२३च्या जानेवारीत ती परंपरा तुटली. २०२४ला हॉलियर पुन्हा आले, पण लागणाऱ्या १००० वैध सह्याच भरल्या नाहीत आणि मतपत्रिकेवरून नाव गेलं. एवढ्या मोठ्या शहरात हजार सह्या! त्या वर्षी ठाणेदारांना निम्म्याहून जास्त मतं पडली, हेही मान्य करायला हवं.

या वेळी डोनावन मॅकिनी या कृष्णवर्णीय आमदाराच्या नावाची हवा आहे. जस्टिस डेमोक्रॅट्स या डाव्या गटाने त्यांना उतरवलं, मग शेजारच्या मतदारसंघातल्या खासदार रशीदा तलैब आणि सिनेटर बर्नी सँडर्स यांचा पाठिंबा आला. लोक म्हणतात सँडर्समुळे जोर आला. मला ते अर्धंच पटतं. खरी कलाटणी हॉलियर ही शर्यत सोडून मिशिगनच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुका सांभाळणारं पद) या पदाच्या निवडणुकीकडे वळले तेव्हा मिळाली. विरोधातली मतं दोन वाटांनी जायची, त्यातली एक वाट बंद झाली. हवा म्हणतात ती पुष्कळदा अशीच तयार होते, कोण उभं राहिलं यापेक्षा कोण बसलं यावरून.

ठाणेदारही गप्प बसलेले नाहीत. २०२५च्या एप्रिलमध्ये ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची सात कलमं दाखल केली, मे महिन्यात सभागृहात मतदान घ्यायला निघाले आणि आयत्या वेळी मागे फिरले. मला तरी ते प्रायमरीकडे डोळा ठेवून केल्यासारखं वाटलं. पण पैसा त्यांच्याकडे आहे, आणि नाव घरोघरी माहीत आहे. मॅकिनींना अजून बऱ्याच दारांवर आधी आपण कोण ते सांगावं लागणार.

माझा राग आहे तो ग्रुपवर डेट्रॉइटच्या मतदारांबद्दल लिहिलेल्या एका वाक्यावर. "त्यांना आपला माणूस नको आहे, बाकी काही नाही." अरे, बेळगावचा माणूस हे कसं म्हणू शकतो? कर्नाटकच्या विधानसभेत आपल्या भाषेत बोलणारा एक तरी असावा म्हणून आपल्या आजोबा-वडिलांनी महाराष्ट्र एकीकरण समितीला मतं दिली. आणि २०१८ला समितीचेच दोन गट एकमेकांसमोर उभे राहिले, एकही जागा आली नाही. तो निकाल लागला त्या रात्री बाबा फोनवर फक्त "फुटली रे मतं" एवढंच म्हणाले होते. डेट्रॉइटमधल्या एखाद्या आजोबांनी २०२२मध्ये वेगळं काय म्हटलं असेल?

माझ्या ऑफिसातला एकजण शहराच्या पूर्व भागात राहतो. परवा त्याच्या घरी गेलो होतो. ठाणेदारांच्या गुळगुळीत कार्डांचा गठ्ठा बुटांच्या रॅकवर, मॅकिनींचं एक पत्रक दाराच्या कडीत अडकवलेलं. पोस्टाने आलेली मतपत्रिका फ्रीजवर मॅग्नेटखाली, कोरी. कुणाला देणार, असं मी विचारलं नाही. त्यानेच मला विचारलं, तू त्यांच्याच गावचा ना, माणूस कसा आहे? मी कार्डांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हटलं, कष्टाळू आहे. तो थोडा वेळ थांबला, आणखी काही सांगेन म्हणून.