‘मिस्टर वर्ल्ड’ आणि ‘मिस्टर युनिव्हर्स’ यांबाबत खुलासा

‘रोहित खंडेलवाल हे मिस्टर युनिव्हर्स झालेले पहिले भारतीय’ हा नाशिकमधील व्यायामशाळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणारा मजकूर चुकीचा आहे. हैदराबादच्या खंडेलवाल यांनी जुलै २०१६ मध्ये इंग्लंडमधील साउथपोर्ट येथे ‘मिस्टर वर्ल्ड’ हा किताब जिंकला आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले, हे खरे. मात्र ती पुरुषांची सौंदर्यस्पर्धा आहे. ‘मिस्टर युनिव्हर्स’ ही शरीरसौष्ठवाची स्पर्धा असून, जेमतेम ४ फूट ११ इंच उंचीच्या मनोहर ऐच यांनी १९५२ मध्येच तिथे आपल्या गटात बाजी मारली होती. तालमीत घाम गाळणाऱ्यांना खरे तर हे सांगावे लागू नये. गोंधळ वाढवतो तो ‘मिस्टर इंडिया’ हा किताब, कारण शरीरसौष्ठवपटू आणि मॉडेल या दोघांच्याही स्पर्धा त्याच नावाने होत आल्या आहेत.