फुकटचं सॉफ्टवेअर विकणं ही चोरी कशी?

"ओपन सोर्स सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळतं. ते पेनड्राइव्हवर किंवा अ‍ॅप स्टोअरवर टाकून पैसे घेणं बेकायदा आहे, मूळ लेखकांची ती फसवणूक आहे, घेणाऱ्याला जास्तीचं काहीच मिळत नाही, म्हणून अशा विक्रीवर बंदी हवी." या आशयाचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो आणि माना डोलावणारेही भरपूर भेटतात. दावा एक दिसत असला तरी त्यात चार दावे कोंबलेले आहेत. ते सुटे करून बघू. त्याआधी एवढंच: ज्याचा मूळ कोड, म्हणजे सोर्सकोड, कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर.

पहिला, बेकायदा असल्याचा. इथे मतभेदाला जागाच नाही, परवाना वाचला की विषय मिटतो. जीपीएल हा अशा सॉफ्टवेअरचा एक प्रमुख परवाना, म्हणजे लेखकाने घातलेल्या अटी. त्याच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीचं चौथं कलम सरळ सांगतं: प्रत देताना हवी ती किंमत लावा, नाहीतर काहीच लावू नका. ओपन सोर्सच्या अधिकृत व्याख्येचं तर पहिलंच कलम असं, की वेगवेगळे प्रोग्राम एकत्र करून विकायला परवान्याने आडकाठी करता कामा नये. म्हणजे ज्या 'पॅक करून विकण्या'वर राग आहे, त्यालाच व्याख्येत संरक्षण दिलेलं आहे.

मराठीत टाइप करणाऱ्यांनी मात्र एक वेगळी अट लक्षात ठेवावी. मुक्ता, लोहित देवनागरी यांसारखे फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली येतात. हा परवाना सांगतो की फॉन्ट सुटा विकायचा नाही. सॉफ्टवेअरसोबत दिला तर चालेल. तेव्हा लिब्रेऑफिस या ऑफिस-कामाच्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरबरोबर मुक्ता टाकून पैसे घेणारा नियमात बसतो, नुसता मुक्ता विकणारा बसत नाही. 'ओपन सोर्स' एवढाच शिक्का बघून निकाल देणाऱ्यांची गाडी इथेच घसरते.

दुसरा दावा लेखकांच्या फसवणुकीचा. मुळात लेखकच विकत आले आहेत, हे अनेकांच्या गावीही नसतं. जीपीएल लिहिणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये जीएनयू ईमॅक्स या आपल्या मजकूर-संपादनाच्या प्रोग्रामची टेप दीडशे डॉलरला पोस्टाने पाठवायला सुरुवात केली. तोच ईमॅक्स नेटवरून फुकट उतरवून घेता येत होता, पण नेट होतं किती जणांकडे? ज्यांच्याकडे नव्हतं त्यांनी टेप घेतली आणि नोकरी सोडलेल्या या माणसाला उत्पन्न मिळालं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहिणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांची गोष्ट तर या दाव्याच्या मुळावरच येते. लिनक्सच्या १९९१ च्या पहिल्या परवान्यात पैसे घ्यायला साफ मनाई होती, अगदी हाताळणीचा खर्चसुद्धा नाही. फ्लॉपीवर प्रती करून वाटायच्या, तर फ्लॉपीचे पैसे तरी कोण सोसणार? १९९२ च्या सुरुवातीलाच त्यांनी ती अट काढून जीपीएल घेतला. ज्या नियमाची आज मागणी होते आहे, तो लिनक्सने बाळपणीच करून बघितला आणि टाकून दिला.

आजची उदाहरणं घ्या. लिब्रेऑफिस चालवणाऱ्या द डॉक्युमेंट फाउंडेशनने २०२२ मध्ये मॅक अ‍ॅप स्टोअरवर आपलंच सॉफ्टवेअर ८.९९ युरोला ठेवलं आणि सोबत सांगितलं की आमच्या संकेतस्थळावर ते फुकटच आहे, आम्ही तेच सुचवतो. शिवाय स्टोअरच्या नियमांमुळे विकतच्या आवृत्तीत जावा हे पूरक सॉफ्टवेअर नाही, म्हणून काही सोयी कमी आहेत, हेही त्यांनी लपवलं नाही. इतका प्रामाणिक दुकानदार सहसा भेटत नाही! चित्रकारांचं क्रिता हे सॉफ्टवेअर स्टीम या ऑनलाइन दुकानात विकत आहे, त्याच्या संकेतस्थळावर फुकट.

घेणाऱ्याला काहीच मिळत नाही, हे ज्याने स्वतः कधी सेटिंग केलेलं नाही तोच म्हणू शकतो. तालुक्याच्या ठिकाणचा एखादा कॉम्प्युटरवाला लिब्रेऑफिस टाकून देतो तेव्हा काय करतो ते पाहा. पर्यायांमध्ये जाऊन भाषांच्या पानावर देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय चालू करतो, तिथे मराठी निवडतो, फॉन्ट इंग्रजीसाठी वेगळा आणि देवनागरीसाठी वेगळा लावतो. कीबोर्ड इनस्क्रिप्ट हवा की फोनेटिक, हे विचारतो. मग गिऱ्हाईक जुन्या फाइल काढतं, त्या निघतात युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-मानकाच्या, आधीच्या फॉन्टमधल्या, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. त्या बदलून देण्यात अर्धा दिवस सहज जातो. दळण आपलं असलं तरी गिरणीवाल्याला दळणावळ देतोच की आपण.

राहिली बंदी. तीही जवळपास आली होती. जून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या स्टोअरसाठी नियम जाहीर केला: एरवी फुकट मिळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर पैसे लावून विकता येणार नाही. हेतू दुसऱ्याचं सॉफ्टवेअर उचलून विकणाऱ्यांना रोखण्याचा होता. पण त्यात क्रितासारखे, स्वतःचंच सॉफ्टवेअर विकून विकसकांचे पगार भागवणारे प्रकल्पही सापडले असते. ओरड झाली आणि जुलैत ते शब्द काढावे लागले.

आता ज्या रागातून हा मजकूर जन्मतो, तो सगळा खोटा नाही. फसवणारे आहेतच, फक्त त्यांचा गुन्हा किंमत लावण्याचा नाही. जीपीएलचं सॉफ्टवेअर विकून सोर्सकोड न देणं, किंवा तो पाठवायचा खर्च सोडून त्याचे वर पैसे मागणं, हे उल्लंघन आहे. जीपीएलच्या प्रोग्रामवर 'कॉपी करण्यास मनाई' असा स्टिकर चिकटवणं हेही. नाव हा आणखी वेगळा मामला: फायरफॉक्स ब्राउझरचा कोड खुला आहे, नाव तो बनवणाऱ्या मोझिलाचं आहे, आणि त्या नावाने पैसे घेऊन विकायला मोझिलाची परवानगी नाही. आणि फुकटात कुठे मिळतं हे लपवणं परवान्यात बसत असलं तरी मला ते लबाडीचंच वाटतं.

त्यावर उपाय दुकानदारापुरता तरी सोपा आहे. पावतीवर दोन ओळी लिहायच्या: लिब्रेऑफिस, शून्य रुपये. इन्स्टॉलेशन आणि मराठी सेटिंग, जे काय तीन-चारशे असतील ते.