उत्तरेकडे तोंड करून बसलेले कासव

घरात उत्तरेकडे तोंड करून कासव ठेवले की लक्ष्मी येते, हे ज्यांना तोंडपाठ असते, त्यांना ते कासव खाते काय, हे मात्र ठाऊक नसते. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, काडेपेटीत मावेल एवढे हिरवे पिल्लू दुकानदार प्लॅस्टिकच्या डब्यात घालून देतो आणि "एवढेच राहते, वाढत नाही" असे बिनदिक्कत सांगतो. वाढत नाही? अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले हे कासव जेवणाच्या ताटाएवढे होते आणि नीट सांभाळले तर 30 वर्षेही जगते! त्याला पाण्याबाहेर येऊन अंग शेकायला कोरडी जागा आणि थेट ऊन लागते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हाडांना हवे असलेले अतिनील किरण जवळजवळ उरतच नाहीत, त्यामुळे कवच मऊ पडते, तरी मालक आपला खाद्याच्या गोळ्या टाकतोच आहे. पाण्याला वास सुटला की कासवालाच तळ्यात सोडून पुण्य पदरात पाडून घ्यायचे. तिथल्या देशी कासवांचे खाद्य आणि ऊन खाण्याची जागा ते बळकावते, त्याचा विचार कोणी करायचा? स्टार कासवाची तर आणखीच दैना. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असलेला, जमिनीवर राहणारा, गवत खाणारा हा जीव वास्तूच्या नावाखाली पाण्याच्या टाकीत ठेवतात, आणि पाय असलेला प्राणी सदैव उत्तरेकडे तोंड करून कसा बसेल, असे विचारले की नास्तिक आपणच ठरतो.