क्रेनचे व्हिडिओ पुरे, जरा गेटकडे बघा

आज तोच व्हिडिओ तिसऱ्यांदा आला. ड्रोनमधून न्हावा शेवा बंदर, उंच क्रेन, मागे ढोल-ताशे. बघायला छान आहे, अभिमान मलाही वाटतो. पण तो ड्रोन कधीतरी मागे रस्त्याकडे वळवा! तिथे द्राक्षाचा रीफर, म्हणजे माल गार ठेवणारा कंटेनर, उभा असतो.

असाच एक रीफर डोक्यातून जात नाही. दिंडोरीची द्राक्षं, रॉटरडॅमला जाणारा माल. चाळीस फुटी डबा, उणे अर्ध्या डिग्रीवर लावलेला. द्राक्षं प्री-कूलिंगमध्ये शून्यापर्यंत आणून भरलेली, वर हवा फिरायला जागा राहावी म्हणून आखलेल्या आतल्या लाल रेषेच्या वर एकही पेटी नाही. बागेपासून इथपर्यंत सगळं चोख. आणि फॉर्म 13 मध्ये, म्हणजे डबा बंदरात आत न्यायच्या कागदात, सील नंबरचा एक आकडा चुकला. गाडी गेटवरून परत. दुरुस्ती होईतो रात्र झाली आणि रांगेतच जेनसेटचं, म्हणजे डब्याला वीज देणाऱ्या जनरेटरचं, डिझेल संपलं.

अनेकांना वाटतं, त्यात काय, प्लग लावला की पुन्हा गार होईल. नाही होत! रीफरचं मशीन गार माल गार ठेवतं, तापलेला माल झटपट गार करायची ताकद त्यात नसते. हवा फिरायची थांबली की माल तापू लागतो. तापमान वरखाली झालं की लायनरच्या, म्हणजे पेटीतल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या, आत दव धरतं. बुरशी लागू नये म्हणून पेटीत ठेवलेल्या सल्फरच्या पॅडला ओल लागली की गॅस एकदम सुटतो, देठाजवळ मणी पांढरे पडतात. पुढच्या प्रवासाला गॅस उरतच नाही आणि बुरशी धरते. डिसेंबर 2023 नंतर लाल समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला. तिथे असा माल टिकणार कसा?

बंदर वाढवायचं म्हटलं की आपल्याकडे धक्क्याची लांबी आणि पाण्याची खोली, एवढंच बोललं जातं. धक्क्यावरची क्रेन तासाला पंचवीस-तीस डबे उचलते. पण उतरलेला डबा न्यायला गाडी हवी, ठेवायला यार्डात जागा हवी. यार्ड सत्तर टक्क्यांच्या वर भरलं की खालचा एक डबा काढायला वरचे दोन-तीन हलवावे लागतात, आरटीजी, म्हणजे यार्डातली क्रेन, त्यातच अडकून पडते. आतली गाडी सुटत नाही म्हणून बाहेरची शिरत नाही. त्यात जहाज उशिरा आलं की वेळापत्रक कोसळतं, आणि कट-ऑफच्या, म्हणजे डबा आत पोचवायच्या शेवटच्या वेळेच्या, आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या गाड्या एकदम येतात.

खोली नको असं मी म्हणत नाही. 1989 साली सुरू झालेल्या बंदरात चॅनेल, म्हणजे जहाजांची पाण्यातली वाट, खोल केलं म्हणून मोठी जहाजं थेट येतात, नाहीतर आपला आणखी माल कोलंबोत उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवावा लागला असता. पार्किंग प्लाझा झाला, तेही मान्य.

पण रीफरला वेगळी लेन द्यायला कुठला डोंगर फोडायचा आहे? पार्किंगमध्येच प्लग पॉइंट द्या. गाडीला तासाचा स्लॉट द्या आणि तो पाळा. डबा नंबर, सील नंबर, व्हीजीएम (भरलेल्या डब्याचं तपासलेलं वजन), जहाज आणि व्हॉयेज (जहाजाच्या फेरीचा नंबर) हे गाडी फॅक्टरीतून निघायच्या आधीच सिस्टिमवर जुळवून बघा, गेटवर नको. एक्स्पोर्टचा डबा टाकून गेलेली गाडी त्याच फेरीत इम्पोर्टचा घेऊन निघाली तर रिकाम्या फेऱ्या वाचतात, रस्ता मोकळा होतो. यातलं काहीही क्रेनइतकं महाग नाही!

त्या रात्री ड्रायव्हर दर अर्ध्या तासाने खाली उतरून डिस्प्लेवरचा आकडा बघत होता. माल त्याचा नव्हता. जेवला नव्हता, जवळपास पाण्याचा नळही नव्हता. बंदराच्या नकाशात या माणसासाठी चार चौरस फूट जागा काढावी, एवढं तरी आपल्याला जमायला हवं.

आता वाढवण, पालघर जिल्ह्यातलं नवं बंदर. 76 हजार कोटींचं काम, नैसर्गिक खोली वीस मीटरच्या आसपास. मच्छीमारांचा विरोध बाजूला सारून ते पुढे चाललंय, त्यावर वेगळं लिहीन. पण निदान पहिलं जहाज लागायच्या आधी रस्ता, रेल्वे, पार्किंग, प्लग तयार असू द्या. तिथेही द्राक्षाची गाडी रांगेत उभी राहणार असेल, तर वीस मीटर खोलीचा दिंडोरीच्या बागाईतदाराला काय उपयोग?

त्या रीफरचं जहाज गेलं. पुढचं आठवड्याने होतं.

प्रत्येक टर्मिनलने रोज एकच आकडा लावावा: गाडी पार्किंगमध्ये शिरल्यापासून डबा टाकून बाहेर पडेपर्यंत किती तास लागले. क्रेनच्या व्हिडिओखाली तो आकडा टाका, शेअर सगळ्यात आधी मी करीन.